वाचून समजले, मान्य आहे

विश्रामबागला शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत माझ्या मामाची अभ्यासिका आहे. खाली झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान, वर दोन मजल्यांवर मिळून चौऱ्याऐंशी खुर्च्या. तुम्ही स्पर्धा परीक्षेच्या वाटेला कधी गेला असाल तर ही जागा तुमच्या ओळखीची आहे. प्लायवूडच्या पार्टिशनमध्ये बसवलेलं टेबल, एक चार्जिंग पॉइंट, समोर भिंतीला चिकटवलेलं वेळापत्रक, आणि जिन्यात चपलांचा ढीग. विलिंग्डन आणि वालचंद जवळ असल्यामुळे या भागात आधीपासूनच पोरांच्या खोल्या, खानावळी, क्लासेस होते. गेल्या काही वर्षांत त्यात अभ्यासिकांची भर पडली. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, विटा अशा ठिकाणांहून मुलं येतात, वर्षाची फी भरतात आणि बसतात.

फी भरताना ती एका कागदावर सही करतात. मामाच्या अभ्यासिकेतला तो कागद मी लिहिलेला आहे.

२०२२ साली मी एलएल.बी. होऊन एका वकिलांकडे ज्युनिअर म्हणून लागले होते. घरात पहिली वकील. मामाने पेढ्यांचा बॉक्स आणला आणि त्याच बैठकीत काम सांगितलं. "नियम-अटींचा एक कागद लिहून दे मला. पण असा दे की कोर्टात टिकला पाहिजे बघ."

त्याची अडचण खरी होती. आदल्या वर्षी तिघांनी "महिनाअखेरीला देतो काका" म्हणत चार-चार महिने खुर्च्या अडवल्या आणि एक दिवस बॅगा उचलून गेले. एकाचा लॅपटॉप गेला, त्याचे वडील येऊन मामाच्या अंगावर ओरडले. जागेचं भाडं, एसीचं बिल, इंटरनेट हे सगळं पोरं येवोत न येवोत, भरावंच लागतं. मामाचा आजवरचा सगळा व्यवहार तोंडी होता आणि तो त्यात सपाटून मार खात होता.

मी उत्साहाने बसले. खरं सांगायचं तर यातलं निम्मं मी इंटरनेटवरून उचललं, आणि उरलेल्या निम्म्याला वकिली मराठीची इस्त्री केली. चौदा कलमं झाली. नववं होतं: "एकदा भरलेले शुल्क व अनामत रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही." बारावं: "कोणतेही कारण न देता प्रवेश रद्द करण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राहील." चौदावं, अर्थातच: "सर्व वाद सांगली न्यायालयाच्या कक्षेत." आणि शेवटी, सहीच्या वर: "वरील सर्व नियम व अटी मी वाचल्या असून त्या मला समजल्या आहेत व मान्य आहेत."

ही शेवटची ओळ मला फार आवडली होती. तिच्यामुळे बाकीच्या चौदांना दात येतात.

दात कसे येतात ते थोडं सांगते, कारण तुम्हीही दिवसातून एक-दोनदा कुठल्यातरी ॲपवर त्या दातांखाली बोट घालता. तुम्ही अटी वाचल्या होत्या का, हे सिद्ध करायची सहसा कुणाला गरज नसते. त्या वाचायची पुरेशी संधी तुम्हाला दिली होती का, एवढंच बघितलं जातं. याचा जुना खटला इंग्लंडमधला आहे. पार्कर नावाच्या माणसाने रेल्वेच्या क्लोकरूममध्ये बॅग ठेवली. पावतीवर "मागे पाहा" असं छापलं होतं आणि मागे लिहिलं होतं की दहा पौंडांपेक्षा जास्त किमतीच्या सामानाला कंपनी जबाबदार नाही. बॅग हरवली. तिची किंमत साडेचोवीस पौंड. १८७७ साली वरच्या न्यायालयाने म्हटलं की पार्करने मागची बाजू वाचली का, एवढ्यावर निकाल लागत नाही. कंपनीने अटींची माहिती कळण्याजोगी पुरेशी तजवीज केली होती का ते बघा. आज स्क्रीनवर जो चौकोन आपण टिक करतो, तो या पावतीचा पणतू आहे. आपल्याकडे २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम १०-अ आलं. करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला, एवढ्याच कारणावरून तो अमलात आणण्याजोगा नाही असं म्हणता येत नाही.

सही असेल तर विषय आणखीच पक्का. आपल्या सर्वोच्च न्यायालयात १९९६ साली भारती निटिंग कंपनीचा खटला गेला होता. कुरियरने पाठवलेलं पाकीट पोचलं नाही, धंद्याचं मोठं नुकसान झालं. पण कुरियरच्या पावतीवर जबाबदारीची मर्यादा शंभर डॉलर अशी छापलेली आणि खाली पाठवणाऱ्याची सही. न्यायालयाने शंभर डॉलरची मर्यादा कायम ठेवली.

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणून मी मामाला सांगितलं, अक्षर बारीक नको, सही प्रत्येक पानावर घे, तारीख त्याच्याच हाताने लिहून घे, एक प्रत त्याला दे. आणि कलमं पैसे घ्यायच्या आधी दाखव, नंतर नाही. १९७१ च्या एका इंग्लिश खटल्यात पार्किंगच्या मशीनमधून तिकीट बाहेर आल्यावर अटी दिसत होत्या, आणि न्यायालय म्हणालं की आता उशीर झाला, करार तर आधीच होऊन गेला. मामाने हे सगळं इमानदारीने पाळलं. माझा कागद कोर्टात टिकेल याची मला बऱ्यापैकी खात्री होती. दीड वर्ष तो कागद कोर्टात गेलाच नाही, आणि मामाची थकबाकी मात्र संपली. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, भाचीने केलंय.

मग एका नोव्हेंबरात एक मुलगा खाली काउंटरवर आला. मी झेरॉक्ससाठी थांबले होते. मुलगा खानापूर तालुक्यातला. त्याने तीन महिन्यांपूर्वी वर्षाचे ८,४०० रुपये आणि अनामत १,००० भरली होती. वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. थोरला भाऊ तमिळनाडूत गलाईच्या दुकानात कामाला. विट्याकडच्या घरांमध्ये हे नेहमीचं, सोनं-चांदी गाळायला पोरं देशभर गेलेली असतात आणि गावात म्हातारी माणसं. आता घरी कुणीतरी पाहिजे होतं. त्याने विचारलं, "काका, उरलेले पैसे मिळतील का?"

मामा वाईट माणूस नाही. त्याने आधी वडिलांची चौकशी केली, कुठल्या दवाखान्यात आहेत विचारलं, चहा मागवला. मग फाइल काढली, कागद समोर ठेवला आणि नवव्या कलमावर बोट ठेवलं.

मुलाने वाचलं. म्हणाला, "सही माझीच हाय. पण हे काय वाचलं नव्हतं."

मामाने बोट खाली सरकवलं. शेवटची ओळ. वाचल्या असून समजल्या आहेत व मान्य आहेत.

मुलाने तीही वाचली आणि जराशा ओशाळल्या आवाजात म्हणाला, "ही पण वाचली नव्हती."

तो भांडला नाही. चहा पिऊन, "बरं" म्हणून, जिन्यावरून बॅग घेऊन उतरला. मी कागदाची लेखिका आहे हे त्याला माहीत नव्हतं. मामाने माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही झेरॉक्सचे पैसे देऊन निघाले.

त्या रात्री मी जे केलं ते करायला मला दीड वर्षापूर्वी हवं होतं. मी माझ्याच कागदाविरुद्ध त्या मुलाची वकील झाले.

नववं कलम टिकेल का? भारतीय करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करार मोडल्याबद्दल दंडाची रक्कम ठरलेली असली, तरी ती कमाल मर्यादा. आत मिळते ती वाजवी भरपाई. अनामत जप्त करण्याबद्दल २०१५ साली कैलाश नाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मुळात काही नुकसान झालं असेल तरच भरपाईचा प्रश्न येतो. मामाचं नुकसान किती? त्या मुलाची खुर्ची आठ दिवसांत भरली होती. प्रतीक्षायादी असते तिथे.

बारावं कलम? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात "अनुचित करार" अशी एक स्वतंत्र व्याख्याच आली आहे. अवाजवी अनामत, झालेल्या नुकसानीशी कसलंही प्रमाण नसलेला दंड, वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा हक्क. मला ती यादी वाचताना आपल्याच उत्तरपत्रिकेवर लाल खुणा बघितल्यासारखं झालं. चौदावं कलम तर निव्वळ शोभेचं. त्याच कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कागदावर कुठलंही न्यायालय छापलेलं असो.

जुन्या निकालांतही आधार होता. मद्रास उच्च न्यायालयात १९६० च्या दशकात एका लाँड्रीचा खटला चालला. साडी हरवली. पावतीमागे छापलेलं, कपडा हरवल्यास बाजारभावाच्या १५ टक्केच मिळतील. न्यायालयाने ती अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून फेटाळली. साधा विचार होता: अशी अट चालू दिली तर लाँड्रीवाल्याला नवी साडी पंधरा टक्क्यांत विकत घेतल्यासारखंच होईल. आणि १९८६ चा ब्रजनाथ गांगुलींचा निकाल. तिथे एका सरकारी महामंडळाच्या नोकरीच्या नियमात तीन महिन्यांची नोटीस देऊन कारण न सांगता काढून टाकण्याची मुभा होती. न्यायमूर्ती मदन यांनी लिहिलं त्याचा आशय असा की ज्याच्यापुढे दुसरा पर्यायच नाही, जो ठरलेल्या छापील नमुन्यावर दाखवलेल्या जागी सही करण्यावाचून काही करू शकत नाही, त्याच्यावर लादलेली अन्यायकारक अट न्यायालय राबवणार नाही. त्याच निकालात हेही आहे की दोन्हीकडे सारख्या ताकदीचे व्यापारी असतील तर हे तत्त्व लागू होणार नाही. म्हणजे भारती निटिंगचा निकाल आणि गांगुलींचा निकाल एकाच घरात नांदतात. कुणाची सही, कशापुढे केलेली, यावर ठरतं.

तर मुलगा जिंकला असता. बहुधा. पण इथे एक गंमत आहे, आणि ती कळल्यावर मला हसू आलं नाही. कायद्यात "अनुचित करार" म्हणून तक्रार करायची तर ती जिल्हा आयोगाकडे करताच येत नाही. ती थेट राज्य आयोगाकडे किंवा राष्ट्रीय आयोगाकडे. सदोष सेवा किंवा अनुचित प्रथा म्हणून सांगलीतच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत फीसुद्धा लागत नाही. पण सात हजार रुपयांसाठी, वडील अंथरुणावर असताना, विट्यावरून तारखांना कोण येणार? आणि त्याआधीचा प्रश्न: आपण सही केली आहे, म्हणजे आपला हक्क संपला, असं ज्याला मनापासून वाटतं तो वकिलाकडे तरी कशाला जाईल?

मला तेव्हा जे लक्षात आलं ते असं. "कोर्टात टिकेल असं लिहून दे" ही मामाची मागणी मी पूर्ण केलीच नव्हती, आणि ती पूर्ण करायची गरजही नव्हती. कागद कोर्टात टिकेल असं दिसणं पुरेसं होतं. छापील अटींचं बहुतेक काम न्यायालयाबाहेर, काउंटरवर होतं. बोट ठेवलं जातं, समोरचा वाचतो, "बरं" म्हणतो. त्यातही सर्वांत प्रामाणिक माणूस सर्वांत आधी "बरं" म्हणतो, कारण तो स्वतःच्या सहीला मान देतो. त्या आधीच्या तिघांनी, खुर्च्या अडवून पळालेल्यांनी, हा कागद असता तरी तो कोळून प्यायला असता. कलम नऊने पकडला तो शब्द पाळणारा मुलगा.

आपल्या जुन्या खतांमध्ये दोन बाजूंची नावं मजेदार असत, अजूनही असतात: लिहून देणार आणि लिहून घेणार. लिहून देणारा म्हणजे जो स्वतःला बांधून घेतो तो. कर्ज काढणारा, जमीन विकणारा. त्याने लिहून दिलेलं नसतंच, लेखनिकाने लिहिलेलं असतं आणि घेणाऱ्याने सांगितलेलं असतं. पण भाषा म्हणते की हे तू लिहून दिलंस. माझी शेवटची ओळ हेच करत होती. वाक्य माझं, मजकूर माझा, आणि "मी वाचल्या असून" यातला मी मात्र तो.

या भागाला हे नवीन नाही. १८७५ साली १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि तिथून ते लोण अहमदनगर जिल्ह्यात गेलं. शाळेत आपण त्याला दख्खनचे दंगे म्हणून दोन ओळींत वाचतो. त्यात लोकांना पैसे-दागिने नको होते, कर्जाचे रोखे हवे होते. रोखे हाती आले की जाळायचे. जिथे सावकाराने मुकाट्याने रोखे दिले, तिथे सहसा त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. त्यांना नेमकं कळलं होतं की आपल्याला मारतोय तो कागद.

कारण त्याआधीच्या काही दशकांत नवी न्यायालयं आली होती आणि त्यांना अंगठ्याच्या पलीकडे बघायचं नव्हतं. अंगठा तुझा? माझा. मग हुकूमनामा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षं केली, हेतू कुळाला वाचवायचा होता. झालं असं की दर तीन वर्षांनी सावकार मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा करून घेऊ लागला. प्रत्येक नवा रोखा स्वेच्छेने, समजून-उमजून, नव्या अंगठ्यासह.

दंग्यांनंतर चौकशी समिती बसली आणि १८७९ साली डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी. सांगली गाव तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानात, म्हणून त्यातून बाहेर. पण तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. म्हणजे त्या मुलाच्या पणजोबाचा पणजोबा या कायद्याखाली होता आणि मामाचं दुकान नव्हतं. (हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग आमचं बरं चाललंय की.")

त्या कायद्यात मला सर्वांत थोर वाटतं ते हे की त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जायला सांगितलं. कुळाने रक्कम कबूल केली असली, तरी व्यवहाराचा इतिहास पहिल्यापासून तपासा. हिशेब कसा करायचा हे पक्षकारांनी आपसात काही ठरवलं असलं, तरी कायद्याने सांगितलेल्या पद्धतीने करा. शेतकऱ्याचा दस्त गाव-नोंदणीदाराच्या समोर आणि त्याच्या देखरेखीखाली लिहिला पाहिजे. पैसे मिळाल्याची पावती सावकाराने दिलीच पाहिजे. एक प्रकारे सरकारने कबूल केलं की अंगठा म्हणजे संमती नाही.

त्याने सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखतं करून घ्यायला सुरुवात केली, परत देण्याचा तोंडी शब्द देऊन. लिहून घेणारा नेहमी एक पाऊल पुढे असतो. मी त्याच धंद्यात आहे, मला माहीत आहे.

आता मामाची बाजू मांडते, कारण कागद जाळून टाका म्हणणं सोपं आहे आणि मी तसं म्हणत नाही. कागद नसतो तेव्हा काय होतं, हे तासगावच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. परराज्यातला व्यापारी बागेत येतो, गोड बोलतो, माल भरतो, निम्मे पैसे रोख देतो, उरलेले "पुढच्या आठवड्यात" आणि फोन बंद. अशा बातम्या जवळपास दर हंगामात येतात. त्या शेतकऱ्याला चार ओळींचा सहीचा कागद हवा होता. अशक्ताला कागदाचीच गरज जास्त असते, बलवानाचं तोंडीही चालून जातं. आणि मामा काही बहुराष्ट्रीय कंपनी नाही. प्रत्येक पोराशी बसून वेगळा करार ठरवायला त्याला सवड नाही. छापील नमुना ही गरज आहे. कार्ल ल्युएलिन नावाच्या अमेरिकन कायदेपंडिताने १९६० साली याची एक चांगली मांडणी केली होती. छापील करारावर सही करणारा माणूस बोलून ठरवलेल्या दोन-चार गोष्टींना खरी संमती देतो. बाकीच्यांना त्याची ढोबळ संमती असते, पण त्या अटी अवाजवी किंवा अशोभनीय नसतील एवढ्याच भरवशावर. मुलाने मामाशी काय ठरवलं होतं? खुर्ची, महिने, रक्कम, खिडकीजवळची जागा. उरलेलं त्याने भरवशावर सोडलं. नववं कलम त्या भरवशाच्या आड जाऊन बसलं होतं.

मग उपाय काय, या प्रश्नावर मी आधी चुकीच्या दिशेने गेले. मला वाटलं, अक्षर मोठं करू. नववं कलम लाल शाईत छापू. १९५६ च्या एका इंग्लिश निकालात न्यायमूर्ती डेनिंग म्हणाले होते की काही अटी इतक्या जाचक असतात की त्या लाल शाईत छापून शेजारी लाल हात दाखवला तरच माहिती दिली असं म्हणता येईल. आपल्याकडेही नवे नियम याच अंगाने जातात. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने किरकोळ कर्जांसाठी मुख्य बाबींचं एक सुटसुटीत पत्रक कर्जदाराला कळेल अशा भाषेत द्यायला सांगितलं आहे, आणि ते समजावून सांगायलाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यानुसार संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. चांगलंच आहे हे. मुद्रा कर्जाचे इंग्रजी कागद माझ्या आईने न वाचता सही केलेले मी बघितले आहेत.

पण लाल शाईत एक खोच आहे. अट जितकी ठळक, तितकी ती पक्की. मुलाने नववं कलम लाल अक्षरात वाचलं असतं तरी सही केलीच असती, कारण शेजारच्या गल्लीतल्या अभ्यासिकेतही तेच कलम आहे (माझ्याच कागदाची झेरॉक्स, टायपिंगच्या चुकीसकट). मग वडील आजारी पडल्यावर त्याच्याकडे "वाचलं नव्हतं" हेही उरलं नसतं. मोठ्या अक्षराने मामाची बाजू बळकट झाली असती, मुलाच्या पदरात काही पडलं नसतं. वाचलं का, हा प्रश्न आपण नेहमी सही करणाऱ्याला विचारतो. नियम-अटी वाचत जा रे, असं तुम्हाला सगळे सांगतात, आणि मीही वकील म्हणून सांगेन. पण त्या दिवशी काउंटरवर उत्तर द्यायचं होतं ते मी. हे का लिहिलंस? तुझ्या मामाचं किती नुकसान होणार होतं म्हणून?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळे लिहितात म्हणून लिहिलं होतं.

रविवारी मी मामाकडे गेले. त्याला म्हटलं, चौदा कलमं मोठ्याने वाच, समोर पोरगा बसलाय असं समजून. तो हसला, पण वाचायला लागला. वेळ, शांतता, ओळखपत्र, जेवण खाली, हे त्याने ठणठणीत आवाजात वाचलं. नवव्याला तो थांबला. "कोणत्याही कारणास्तव" हे दोन शब्द त्याने गिळले. बाराव्याला म्हणाला, "हे कुठं असतंय, कारण न देता मी कुणाला काढलंय?" मी म्हटलं, मग ठेवायचं कशाला? यावर तो बराच वेळ पंख्याकडे बघत बसला.

हिशेब आम्ही असा केला. वर्षाची फी महिना ७०० ने पडते, ती सवलत पूर्ण वर्ष बसणाऱ्यासाठी. सुटा महिना ९००. तीन महिने बसला, २,७०० वजा. उरले ५,७००, अधिक अनामत १,०००. एकूण ६,७००. मामाने त्याच दिवशी फोनवरून पैसे पाठवले. पलीकडून अंगठ्याची इमोजी आली. तो मुलगा परत अभ्यासाला बसला की नाही ते माहीत नाही.

नव्या कागदावर सात कलमं आहेत. नववं आता चौथं झालंय आणि त्यात हा हिशेबच उदाहरणासकट लिहिला आहे. शेवटची ओळ मी काढली. तिच्या जागी मामाची सही आहे: "हे नियम मी वाचून दाखवले." मामाला सुरुवातीला ते जड गेलं, गर्दीच्या दिवशी तो अजूनही भराभरा वाचतो. थकबाकी पहिल्यासारखी नाही पण अधूनमधून होते. मागच्या महिन्यात एकाने मुद्दाम वर्षाची फी भरून सवलत घेतली आणि दोन महिन्यांनी उरलेले मागितले. नियमाप्रमाणे दिले. मामाने मला फोन करून पाच मिनिटं ऐकवलं.

एका गोष्टीवर आमचं अजून जमलेलं नाही. जिन्यात एक पाटी आहे: "आपले साहित्य व वाहन आपल्या जबाबदारीवर ठेवावे." मी मामाला सांगितलं की ही पाटी म्हणजे कवच नव्हे. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलात १९९८ साली पाहुण्याने मारुती झेन वॅलेटकडे दिली आणि ती चोरीला गेली. "मालकाच्या जबाबदारीवर" असं टॅगवर छापलेलं होतं. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की किल्ली तुमच्या ताब्यात असताना, स्वतःच्या निष्काळजीपणातून हॉटेलला त्या छापील ओळीने सुटता येणार नाही. इथे लॉकरच्या डुप्लिकेट किल्ल्या तुझ्याकडे आहेत, सीसीटीव्ही तुझा आहे. उद्या पुन्हा लॅपटॉप गेला तर पाटी टिकणार नाही.

मामाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "टिकत नाही ना? मग राहू दे की. ती वाचून चार पोरं बॅग तरी सांभाळतात."

पाटी अजून तिथेच आहे.